४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर २० वर आणायचा आहे: पाणी, कंडिशनर की १० व्हॉल्यूम?

मोरपंखी

माझ्याकडे ४० व्हॉल्यूमच्या क्रीम डेव्हलपरची (केसांच्या रंगात कालवायचं पेरॉक्साइडचं क्रीम, व्हॉल्यूम म्हणजे त्याची ताकद) एक लिटरची, जवळजवळ भरलेली बाटली आहे. त्याच कंपनीच्या १० व्हॉल्यूमची अर्धी बाटलीही आहे. २० व्हॉल्यूम नाही. रंगाच्या ट्यूबवर "६ टक्के, प्रमाण १ : १.५" असं छापलंय. ट्यूब ६० ग्रॅमची. केस नैसर्गिक लेव्हल ४ (गडदपणाचा आकडा, १ म्हणजे काळे, १० म्हणजे खूप फिके), आधी रंगवलेले नाहीत, साधारण ४० टक्के पांढरे. शेड ५ नंबरची, साधी, कुठलीही झाक नसलेली.

विचारायचं ते असं:

१. ४० मध्ये पाणी घालून २० करता येतो का? किती घालायचं?
२. पाण्याऐवजी कंडिशनर घातला तर दाटपणा टिकतो असं वाचलं. खरं आहे का?
३. ४० आणि १० एकत्र केले तर? त्याचं सूत्र काय?
४. एकदाच जास्त बनवून बाटलीत भरून ठेवता येईल का?
५. औषधांच्या दुकानात ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड मिळतं, केमिकलवाल्याकडे ३० टक्क्यांचं. हे ३० टक्के म्हणजेच ३० व्हॉल्यूम ना?

तराजू

पाचव्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकी चार चुकले तर केस बिघडतील, हा चुकला तर कातडी जळेल. नाही. ३० टक्के म्हणजे ३० व्हॉल्यूम नव्हे, ते १०० व्हॉल्यूमच्याही वर जातं. ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ टक्के. त्यावर कोणी जाणकार सविस्तर लिहीलच, मी हिशोबाकडे वळतो.

१० व्हॉल्यूम = ३ टक्के, २० = ६, ३० = ९, ४० = १२. व्हॉल्यूमचा आकडा वायूचा आहे. एक लिटर द्रावणातलं सगळं पेरॉक्साइड फुटलं, तर जितके लिटर ऑक्सिजन निघेल तितके व्हॉल्यूम. मधल्या आकड्यांनाही हेच गुणोत्तर लागू पडतं: ५ व्हॉल्यूम म्हणजे दीड टक्का, १३ व्हॉल्यूम म्हणजे जवळपास ४ टक्के.

पाण्याचा हिशोब:

मूळ डेव्हलपर = (हवी ती ताकद ÷ हाताशी असलेली ताकद) × एकूण हवं तेवढं. उरलेलं पाणी.

तुमच्या ६० ग्रॅम ट्यूबला दीडपट म्हणजे ९० मिली डेव्हलपर लागेल. २० ÷ ४० × ९० = ४५. म्हणजे ४५ मिली ४० व्हॉल्यूम आणि ४५ मिली पाणी. बाकीच्या नेहमीच्या जोड्या अशा:

४० चा ३०: ३ भाग डेव्हलपर, १ भाग पाणी
४० चा १०: १ भाग डेव्हलपर, ३ भाग पाणी
३० चा २०: २ भाग डेव्हलपर, १ भाग पाणी
२० चा १०: निम्मं निम्मं
२० चा ५: १ भाग डेव्हलपर, ३ भाग पाणी

दोन डेव्हलपर मिसळायचे असतील तर तिरकी वजाबाकी करायची. हवी ती ताकद मधे धरा. जास्त ताकदीतून हवी ती ताकद वजा केली की कमी ताकदवाल्याचे भाग मिळतात, आणि हव्या ताकदीतून कमी ताकद वजा केली की जास्त ताकदवाल्याचे. ४० आणि १० पासून २० हवा: ४० − २० = २०, हे दहावाल्याचे भाग. २० − १० = १०, हे चाळीसवाल्याचे. म्हणजे १० चे दोन भाग, ४० चा एक. तुमच्या ९० मिलीसाठी ६० मिली १० व्हॉल्यूम आणि ३० मिली ४० व्हॉल्यूम. ताळा करून बघा: ६० × १० + ३० × ४० = १८००, भागिले ९० = २०.

याच दोन बाटल्यांतून ३० हवा असेल तर ४० चे दोन भाग आणि १० चा एक. २५ हवा तर निम्मं निम्मं. १५ हवा तर ४० चा एक आणि १० चे पाच. घरात १० आणि ४० एवढ्या दोनच बाटल्या असल्या तरी मधली प्रत्येक ताकद हाताशी आहे, म्हणून २० आणि ३० वेगळे आणायची गरजच नाही.

आता जिथे हमखास गोंधळ होतो ते. पाणी हे डेव्हलपरच्या वाट्यातलं असतं, त्यावर वरचं नसतं. ९० मिली डेव्हलपर मोजून घेतला, ट्यूबमध्ये कालवला आणि मग "थोडं सौम्य होऊ दे" म्हणून ४० मिली पाणी ओतलं, तर पेरॉक्साइड पातळ झालंच, पण त्यासोबत रंगद्रव्य आणि अमोनियाही पातळ झाले. मिश्रण १ : १.५ राहिलं नाही, १ : २.१७ झालं. शेड फिकी, पांढऱ्यावर पारदर्शक बसते आणि दोन-चार धुण्यांत उतरते. आधी डेव्हलपर तयार करा, तो ९० चा ९० आहे हे काट्यावर बघा, मगच ट्यूब पिळा.

काटा म्हणजे एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल वजनकाटा. क्रीम डेव्हलपरची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की मिली आणि ग्रॅम एकच धरले तरी चालतं. मोजमापाच्या कपाला क्रीम चिकटून राहतं आणि दर वेळी पाच-सात मिलीचा घोळ होतो. काट्यावर वाटी ठेवून शून्य करा आणि थेट त्यात ओता.

दातेरी_कंगवा

तराजू यांचा हिशोब चोख आहे, पण ४५ अधिक ४५ वाला पर्याय मी क्रीम डेव्हलपरसाठी सुचवणार नाही. आकडा २० येतो, वस्तू मात्र २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर राहत नाही.

बाटलीत पेरॉक्साइड आणि पाणी एवढंच नसतं. दाटपणासाठी सिटेरिल अल्कोहोलसारखं मेणकट द्रव्य, ते पाण्यात धरून ठेवणारा इमल्सिफायर, पेरॉक्साइड फुटू नये म्हणून स्थिरकं, आणि पीएच साधारण ३ च्या आसपास ठेवायला थोडं फॉस्फोरिक आम्ल. निम्मं पाणी घातलं की हे सगळंच निम्मं होतं. डोळ्यांना दिसतं ते असं: क्रीम दुधासारखं पातळ होतं, ट्यूब त्यात एकजीव न होता बारीक गाठी राहतात, आणि लावल्यावर मिश्रण कानामागे, कपाळावर, मानेवर ओघळतं. शिवाय पातळ थर केसावर लवकर वाळतो, आणि वाळला की काम थांबतं. रंग असो वा ब्लीच, रासायनिक क्रिया ओलाव्यातच चालते.

पाणीच वापरायचं झालं तर एक चतुर्थांशाच्या पुढे जाऊ नका (४० चा ३० एवढं), डिस्टिल्ड पाणी घ्या, आणि कालवल्याबरोबर वापरा. नळाच्या पाण्यात लोह, तांबं, मँगनीज अगदी नगण्य असलं तरी ते पेरॉक्साइड फोडायला मदत करतं.

कंडिशनरबद्दल: दाटपणा टिकतो, हे खरं. पण बहुतेक कंडिशनरमध्ये धन भाराचे घटक आणि सिलिकॉन असतात. त्यांचं कामच केसावर थर धरून बसण्याचं आहे. रंगाला आत शिरायचंय आणि तुम्ही वाटेत पडदा लावताय. मऊसूत, नैसर्गिक केसावर फरक जाणवणार नाही. चिवट पांढऱ्या केसावर जाणवेल, आणि तुमच्याकडे ते ४० टक्के आहेत. टोनरसाठी (ब्लीचनंतर झाक सुधारायला लावतात तो रंग) किंवा आधीच ब्लीच झालेल्या सच्छिद्र केसासाठी १० चा ५ करताना साधा, सिलिकॉन नसलेला कंडिशनर मला मान्य आहे. तिथे रंग जरा हळू शिरलेलाच बरा असतो.

तुमच्याकडे १० व्हॉल्यूम आहेच, तेही त्याच कंपनीचं. मग १० आणि ४० एकत्र करण्याखेरीज दुसरा विचार करायचं कारणच नाही. दोन्हींत तेच मेण, तीच स्थिरकं, तोच पीएच. फरक फक्त पेरॉक्साइडचा. दोन कंपन्यांचे मिसळले तर हिशोब बरोबर येतो, पण कधीकधी इमल्शन फुटून पाणी सुटतं. तसं दिसलं तर ते मिश्रण डोक्याला लावू नका.

रसशाळा

३० टक्के विरुद्ध ३० व्हॉल्यूम याबद्दल.

३० टक्के वजनाच्या द्रावणाची घनता सुमारे १.११ असते, म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ३३० ग्रॅम पेरॉक्साइड. व्हॉल्यूममध्ये ते ११० च्या आसपास भरतं. म्हणजे ३० व्हॉल्यूमच्या साडेतीनपटीहून जास्त. ३५ टक्क्यांचं त्याहून वर. हे कातडीला लागलं की क्षणात पांढरा डाग आणि भाजल्यासारखी आग होते, डोळ्यात थेंब गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, आणि कापड-कागद-लाकडावर सांडून वाळलं तर पेट घेण्याचा धोका असतो. "पातळ करूनच वापरणार आहे" ही सबब इथे चालत नाही, कारण पातळ करतानाच तर ते हाताळावं लागतं. शिवाय औद्योगिक मालातली स्थिरकं डोक्यासाठी निवडलेली नसतात. ती बाटली घरात आणूच नये.

औषधांच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड ताकदीने १० व्हॉल्यूमच आहे. पण ते पाण्यासारखं आहे, त्यात क्रीम नाही. क्रीम रंगात घातलं तर ओघळणारं मिश्रण मिळतं. १० च्या क्रीमच्या जागी ते धरून ४० सोबत मिसळलं तरी हिशोब जुळेल, पण दोन तृतीयांश भाग पाण्यासारखाच झाला. म्हणजे कंगवा यांनी सांगितलेल्या सगळ्या अडचणी परत आल्या.

साठवणीबद्दल (प्रश्न ४). दोन कारखानी डेव्हलपर एकत्र केलेले असतील, भांडं स्वच्छ असेल, तर मिश्रण लगेच मरत नाही. तरीही लागेल तेवढंच करा. पाणी घातलेलं असेल तर अजिबात ठेवू नका. स्थिरकं पातळ झालेली असतात, पाण्यातून किंवा चमच्यावरून धातूचा अंश आलेला असतो, आणि घट्ट झाकणाखाली ऑक्सिजन साचत जातो. बाटली फुगते, क्वचित फुटते. डेव्हलपरच्या मूळ बाटल्यांच्या झाकणांना बहुधा वायू सुटायला सोय असते, रिकाम्या शाम्पूच्या बाटलीला ती नसते. रंग किंवा ब्लीच कालवलेलं मिश्रण तर झाकणबंद भांड्यात कधीच ठेवायचं नाही. ते अल्कलीयुक्त असतं आणि त्यात वायू भराभर निघतो. उरलेलं भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा.

भांडी प्लास्टिकची, काचेची किंवा सिलिकॉनची, ब्रशही प्लास्टिकचा. स्टीलच्या चमच्याने मिनिटभर ढवळल्याने आकाश कोसळत नाही, पण ओरखडे पडलेलं, गंजाचा ठिपका असलेलं, तांब्या-पितळेचं किंवा अॅल्युमिनियमचं काहीही नको. वाटीत घेतलेलं, न वापरलेलं डेव्हलपर परत बाटलीत ओतू नका. रंगाचा किंवा पावडरचा एक कण आत गेला तरी ती बाटली हळूहळू ताकद गमावते.

आणखी एक. सगळा हिशोब लेबलवरचा आकडा खरा धरून चाललाय. उन्हात, उष्णतेत किंवा झाकण सैल राहून पडलेली बाटली ४० ची उरलेली नसते. बरण्यांवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो, तो उघडल्यापासून मोजायचा. हायड्रोमीटरने ताकद मोजायचा सल्ला जुन्या पुस्तकांत दिसतो. तो फक्त पाण्यासारख्या पेरॉक्साइडला लागू आहे, क्रीममध्ये तो तरंगून काहीच खरं सांगत नाही.

मोरपंखी

खूप छान, म्हणजे ६० मिली १० आणि ३० मिली ४०. पण एक शंका. पांढरे केस चिवट असतील तर २० ऐवजी सरळ ३० का करू नये? जास्त ताकद म्हणजे रंग जास्त आत जाईल ना?

आणि नंतर पुढच्या काही बटा ब्लीच करायच्या आहेत. त्यात मुळांना वेगळी ताकद, लांबीला वेगळी असं करतात का? ब्लीचमध्ये १ : ३ केलं की सौम्य होतं, हे बरोबर आहे का?

दातेरी_कंगवा

पांढऱ्यासाठी ३० नको. वाटीत एकाच वेळी दोन कामं चाललेली असतात. पेरॉक्साइड केसातलं मूळचं मेलॅनिन फिकं करतं, आणि ट्यूबमधली बिनरंगी, बारीक रेणूंची द्रव्यं ऑक्सिडाइझ करून मोठे रंगीत रेणू बनवतं. ते मोठे झाले की केसात अडकतात. दुसऱ्या कामासाठी ६ टक्के पुरेसे असतात. ३० केलं की पहिलं काम वाढतं: तुमचे लेव्हल ४ चे काळसर केस जास्त उघडतात, म्हणजे फिके होतात, आणि खालचा तांबूसपणा वर येतो. पांढऱ्या केसात मेलॅनिन नाहीच, त्याला ३० चा काही उपयोग नाही. निकाल काय, तर काळे केस तांबूस, आणि पांढऱ्यांवर रंग काही जास्त चांगला बसलेला नाही.

पांढऱ्यासाठी करायचं ते हे: पूर्ण वेळ द्या (पत्रकात जितका लिहिलाय तितका, बहुतेक ३० ते ४५ मिनिटं), थर जाड ठेवा, सुरुवात जिथे पांढरं जास्त तिथून करा, म्हणजे बहुधा कानशिलं आणि कपाळावरची रेषा. शेड झाक नसलेली घेतलीय ते योग्यच. तरीही काही केस तारेसारखे चिवट असतील, तर फक्त त्यांवर नुसता २० व्हॉल्यूम लावून १० ते १५ मिनिटं ठेवायचा, धुवायचा नाही, टिपून घ्यायचा आणि त्यावर रंग लावायचा. बाहेरचे खवले थोडे उघडतात. त्यासाठीचं २० ही वरच्याच हिशोबाने: १० मिली १० व्हॉल्यूम, ५ मिली ४०.

उलट बाजूने, १० व्हॉल्यूमवरच भागवायचा मोह झाला तर: रंग बसतो, पण मूळ केस उघडत नाहीत, म्हणून शेड नंबरापेक्षा गडद दिसते आणि चिवट पांढऱ्यावर लवकर उतरते.

तराजू

ब्लीचचं १ : ३. इथे "सौम्य" हा शब्द अर्धाच खरा आहे, आकड्यांनी दाखवतो.

३० ग्रॅम पावडर आणि ६० ग्रॅम ३० व्हॉल्यूम (१ : २). पेरॉक्साइड ६० च्या ९ टक्के म्हणजे ५.४ ग्रॅम, एकूण ९० ग्रॅममध्ये. डोक्यावर ६ टक्के.

३० ग्रॅम पावडर आणि ९० ग्रॅम ३० व्हॉल्यूम (१ : ३). पेरॉक्साइड ८.१ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅममध्ये. डोक्यावर ६.७५ टक्के.

डेव्हलपर वाढवलात, पेरॉक्साइड कमी झालं नाही, उलट वाढलं! कमी झाली ती पावडर, म्हणजे पर्सल्फेट आणि अल्कली. ब्लीचची बरीचशी ताकद त्यातच असते, म्हणून वेग मंदावतो आणि वाटतं की सौम्य झालं. मिश्रण ओघळतं मात्र जास्त, आणि बटेवरून शेजारच्या केसांवर, टाळूवर उतरतं. खरोखर सौम्य हवं असेल तर प्रमाण पत्रकातलंच ठेवा आणि डेव्हलपरची ताकद उतरवा. ३० ग्रॅम पावडर, ६० ग्रॅम २० व्हॉल्यूम: डोक्यावर ४ टक्के. १० व्हॉल्यूम: २ टक्के.

हाच आकडा रंगालाही काढून बघण्यासारखा आहे. तुमची ट्यूब ६० + ९० ग्रॅम ६ टक्के: डोक्यावर ३.६ टक्के. तेच १ : १ असतं तर ३ टक्के. १२ टक्क्यांच्या १ : २ वाल्या हाय-लिफ्ट (मूळ केस बरेच फिके करणाऱ्या) शेडमध्ये ८ टक्के. दोन वेगळ्या प्रमाणांच्या रंगांची तुलना करताना बाटलीवरचा व्हॉल्यूम बघून फसायला होतं. पण डोक्यावरचा आकडा सारखा आला म्हणून निकाल सारखा येत नाही, कारण अमोनिया आणि रंगद्रव्यही प्रमाणानुसार बदललेलं असतं.

पावडर चमच्याने मोजू नका. दाबून भरलेला आणि भुरभुरीत भरलेला चमचा यांच्या वजनात दीडपट फरक सहज पडतो.

रसशाळा

यात रसायनाची एक बाजू भर घालतो. केसात काम करणारं मुख्य रूप हे पेरॉक्साइडचा रेणू नसून त्याचा ऋण भाराचा आयन असतो, आणि तो पीएच वाढल्यावर तयार होतो. बाटलीत पीएच ३ च्या आसपास, म्हणून महिनोन्‌महिने शांत. अमोनिया किंवा (त्याऐवजी वापरतात ते) मोनोइथेनॉलअमाइन असलेल्या रंगात, ब्लीच पावडरमध्ये मिसळलं की पीएच ९ ते १०.५ च्या घरात, म्हणून घड्याळ सुरू होतं. त्यामुळे मिश्रण आधी करून ठेवणं आणि मग केसांचे भाग पाडत बसणं व्यर्थ. भाग पाडा, कडेला क्रीम लावा, हातमोजे घाला, मग कालवा.

याच कारणाने घरगुती सुधारणा करू नयेत. खाण्याचा सोडा घालून "जोर" आणायचा प्रयत्न केला तर पेरॉक्साइड वाटीतच फेसाळून वाया जातं. व्हिनेगर घातलं तर पेरॅसिटिक आम्ल तयार होऊ शकतं, ते त्वचेला आणि श्वासाला झोंबणारं आहे.

वेणीफणी

मुळं आणि लांबीबद्दल राहिलं. टाळूची ऊब असल्यामुळे पहिल्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरमधले केस लांबीपेक्षा लवकर उघडतात. एकाच ताकदीचं ब्लीच मुळापासून टोकापर्यंत एकदम लावलं की मुळं पिवळी आणि मधला भाग नारिंगी राहतो.

म्हणून दोन वाट्या. आधी लांबी, मुळांपासून दीड सेंटिमीटर सोडून: ३० ग्रॅम पावडर, ४० मिली ४० व्हॉल्यूम, २० मिली १० व्हॉल्यूम. म्हणजे ३० व्हॉल्यूम. हे बटांसाठीच, टाळूला टेकणार नाही असं. लांबी नारिंगीच्या पुढे पिवळसर व्हायला लागली की दुसरी वाटी कालवा आणि मुळांना लावा: १५ ग्रॅम पावडर, १० मिली ४० व्हॉल्यूम, २० मिली १० व्हॉल्यूम. म्हणजे २० व्हॉल्यूम. टाळूजवळ याच्या वर जाऊ नये. टोकं जुनी, कोरडी, आधी रंगलेली असतील तर त्यांना १० व्हॉल्यूमचीच वाटी.

कंगवा यांनी पाणी शक्यतो टाळायला सांगितलंय, त्यावर माझं थोडं वेगळं मत. फॉइलमधल्या ब्लीचला मी ४० मध्ये चौथा हिस्सा डिस्टिल्ड पाणी घालून काढलेलं ३० चालवून घेईन. पावडरमध्ये स्वतःचे दाटपणा आणणारे घटक असतात, ते पातळपणा झाकतात, आणि फॉइल वाळू देत नाही. क्रीम रंगाला मात्र ते लागू नाही, तिथे कंगवा यांच्याशी सहमत.

केस किंचित फिके करण्यापुरतं किंवा उरलेला रंग काढण्यापुरतं हवं असेल तर शाम्पू घालून पातळ करतात: २० ग्रॅम पावडर, ४० मिली २० व्हॉल्यूम, २० ग्रॅम शाम्पू. डोक्यावर ३ टक्के पेरॉक्साइड. ओलसर केसावर लावायचं, समोर उभं राहून दर दोन मिनिटांनी बट पुसून बघायची, पाच ते पंधरा मिनिटांत धुवायचं. ओल्या केसात झपाट्याने चालतं, तेव्हा लावून दुसऱ्या कामाला जायचं नाही.

पावडर कालवताना खिडकी उघडी ठेवा आणि पिशवीवर तोंड नेऊ नका. पर्सल्फेटची धूळ दम्याला निमित्त ठरते.

मोरपंखी

केस रंगवलेले नाहीत असं लिहिलं होतं, पण मेंदी लावलेली आहे. पाकिटावर "काळी मेंदी" लिहिलेलं होतं, घटक आठवत नाहीत. त्याने फरक पडतो?

रसशाळा

पडतो, आणि हे आधी सांगायला हवं होतं. नुसत्या पानांच्या मेंदीमुळे पेरॉक्साइडशी भडका उडत नाही. ती फक्त हटवादी नारिंगी ठेवते आणि ब्लीचला दाद देत नाही. "काळी" म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी (केसांच्या रंगांतलं एक रसायन, काहींना त्याची अ‍ॅलर्जी होते) असतं, कधी धातूंचे क्षार. शिसं, चांदी, तांब्याचे क्षार केसावर बसलेले असतील तर पेरॉक्साइड लागताच क्रिया भरधाव होते: केस गरम होतात, वाफ किंवा धूर येतो, तुटतात.

चाचणी अशी. जिथे ती मेंदी लागली आहे अशा भागातून, आतल्या बाजूची पेन्सिलच्या शिशाएवढी बट कापा, एका टोकाला दोऱ्याने बांधा. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम आणि २८ टक्के अमोनियाचे २० थेंब. अमोनिया मिळाला नाही तर तुम्ही जो रंग वापरणार आहात तोच १५ ग्रॅम, सोबत २२ मिली डेव्हलपर. बट बुडवून ३० मिनिटं ठेवा, वाटीवर झाकण नको. अमोनियाच्या वाटीतली बट फिकी होणं अपेक्षित आहे. रंगाच्या वाटीत ती रंग घेईल, तिथे फक्त उष्णता, धूर आणि तुटणं बघायचं. वाटी गरम झाली, बुडबुडे जोरात आले, वास बदलला, बट हिरवट झाली किंवा ओढल्यावर तुटली, तर तो भाग कापून जाईपर्यंत रंग, ब्लीच काहीच नाही. व्हॉल्यूम कमी करून हा धोका टळत नाही, १० व्हॉल्यूमलाही क्रिया होते.

पीपीडीचं वेगळं. "काळ्या मेंदी"ने कधी खाज, पुरळ, पापण्यांना सूज आली असेल तर ही ट्यूब लावूच नका, त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. आली नसेल तरी पत्रकात सांगितलेली ४८ तासांची त्वचेवरची चाचणी करा.

दातेरी_कंगवा

२२ मिलीसाठी: साडेसात ग्रॅम ४०, पंधरा ग्रॅम १०, म्हणजे साडेबावीस. बटेच्या चाचणीला एवढा फरक चालतो.

मेंदी फक्त लांबीवर असेल आणि मुळं नवीन वाढलेली असतील, तर बट दोन्हीकडून वेगवेगळी घ्या. मुळांची पास झाली आणि लांबीची नाही, असं झालं तर रंग फक्त मुळांना लावायचा. मग ३० ग्रॅम ट्यूब पुरते: ४५ मिली डेव्हलपर, त्यात १५ मिली ४० व्हॉल्यूम आणि ३० मिली १० व्हॉल्यूम. सीमारेषेवर मेंदीच्या केसांना आधी साधं तेल किंवा व्हॅसलिनचा थर द्या, म्हणजे रंग खाली सरकला तरी त्या केसांना सहज लागणार नाही.